फरशी आल्यावर

गल्लीत त्यांना सगळे 'अनुस्वारकाका' म्हणत आणि काकांना त्याचा अभिमानच होता. उभा जन्म छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेलेला. कुणाच्या निधनाची बातमी वाचतानाही 'दुःखद'मधला विसर्ग जागेवर आहे ना, ते आधी बघणार. माणूस कोण गेला, ते मागाहून.

काकूंचं खुब्याचं हाड मोडलं आणि त्यांना जिना चढवेना. न्हाणीघर नेमकं वरच्या मजल्यावर. तेव्हा खालच्या अडगळीच्या खोलीत नवं करायचं ठरलं. ठेकेदार आला. जीभ अशी गोड, की चहात साखर घालायची गरज पडली नाही.

"काका, वरचं संडासाचं भांडं, नळ, सगळं खालीच आणू. उगाच नवा खर्च कशाला?"

करार काकांनी स्वतः लिहिला. एक हप्ता सुरुवातीला, दुसरा, सगळ्यांत मोठा, फरशी आल्यावर आणि उरलेला काम संपल्यावर. काकूंचा भाऊ शेजारी बसून वाचत होता.

"भाऊजी, मधला हप्ता छोटा करा. आणि शेवटचा मोठा ठेवून, ताई आंघोळ करून बाहेर आली की मगच द्या. असंच लिहा."

"करारात आंघोळ?" काका कडाडले. "हा करार आहे, साबणाची जाहिरात नव्हे!"

ठेकेदारानं सही करताना नावातली वेलांटी चुकवली, तर काकांनी ती सुधारून घेतली. "शब्द म्हणजे शब्द," असंही वर ऐकवलं. ठेकेदारानं मान डोलावली. तो मन लावून ऐकत होता, हे काकांना फार उशिरा कळलं.

वरचं न्हाणीघर उखडलं. खालची जमीन खोदली. मग एका सकाळी टेम्पोतून फरशीचे खोके आले आणि बैठकीच्या खोलीत भिंतीला लागून रचले गेले. फिकट निळी, काकूंच्या पसंतीची. काकांनी खूश होऊन पैसे मोजून दिले. दुसऱ्या दिवशी कुणी आलं नाही. तिसऱ्या दिवशी ठेकेदाराचा फोन बंद.

काकांनी त्याला शेवटी गाठलं ते दुसऱ्याच कुणाच्या तरी घरी, वाळूच्या ढिगावर उभा असताना.

"अहो, फरशी कधी बसवणार?"

"आली ना फरशी, काका? कागदात 'आल्यावर' लिहिलंय. 'बसल्यावर' कुठंय?"

"अर्थ तोच होतो!"

"तुम्हीच म्हणाला होता, शब्द म्हणजे शब्द. हातातली कामं संपली की बघू. नाहीतर तो शेवटचा हप्ता ठेवा तुम्हालाच." तो हप्ता होताच एवढासा, की घ्यायला येण्याचं बसभाडंही त्यातून जेमतेम सुटलं असतं.

वकिलानं करार दोनदा वाचला, शुद्धलेखनाचं मनापासून कौतुक केलं आणि कागद परत केला. दुसरा गवंडी आणायचा तर गाठीला काही उरलं नव्हतं. काकूंचा भाऊ भेटायला आला, खोक्यांकडे बघून काही बोलला नाही. तो बोलला असता तर बरं, असं काकांना वाटलं.

आता काकूंना शौचाला धरून शेजारणीकडे न्यावं लागतं. तिच्याकडे सगळे उशिरापर्यंत झोपतात, म्हणून काकू सकाळचा चहाच घेत नाहीत. आंघोळ स्वयंपाकघरात, प्लास्टिकच्या खुर्चीवर.

एक दिवस आंघोळीचं पाणी तापेपर्यंत काकांनी करार काढला, लाल पेन्सिलीनं 'आल्यावर' खोडलं आणि समासात सुबक अक्षरात 'बसल्यावर' लिहिलं.

"काय करताय हो?" काकूंनी खुर्चीतून विचारलं.

"चूक सापडली."

"फरशी काही बसली नाही," काकू म्हणाल्या, "मी मात्र बसले. कायमची." आणि त्या हसल्या. त्या हसल्या की काकांनाही नेहमी हसू यायचं, आज आलं नाही. त्यांनी बादली उचलली.

"पाणी बघून ओता," काकू डोळे मिटत म्हणाल्या. "कालचं फार गार होतं."