भस्माखालचा हात

रत्नम्माच्या डाव्या मनगटावर पहिला पांढरा डाग दिसला तेव्हा चंद्रव्वाने तो नखाने खरवडून पाहिला होता. भाकरीचं पीठ वाळलं असेल, असं तिला वाटलं. वर्षभरात तो डाग कोपरापर्यंत चढला. सात रस्ता चौकाजवळच्या डॉक्टरांनी सांगितलं, हे कोड. दुखत नाही, खुपत नाही, कुणाला लागत नाही.

"मग हाय कशाला?" चंद्रव्वाने विचारलं.

चंद्रव्वा तशी सरळ बाई. शेजारणीकडून वाटीभर साखर आणली तर शीग लावून परत करणारी. नवऱ्याचं, बसप्पांचं, सरकी-पेंडीचं दुकान होतं आणि मूल एकच, रत्नम्मा. त्या एका मुलीसाठी ही सरळ बाई लपवाछपवी शिकली. घर लिंगायतांचं, रोज गळ्यातल्या इष्टलिंगाची पूजा होई. पूजेला बसताना कपाळाला आणि दंडाला भस्माची बोटं ओढायची रीत. चंद्रव्वाने मुलीला मनगटापासून कोपरापर्यंत जाड भस्म लावायला शिकवलं, आणि ते दिवसभर पुसायचं नाही असं बजावलं. गल्लीतल्या बायका म्हणू लागल्या, पोर किती शिवभक्त.

ही कीर्ती मंगळवेढ्याच्या ईरम्मांपर्यंत पोचली. त्यांना मुलासाठी, वीरभद्रसाठी, मुलगी पाहायची होती. त्या येऊन पाहून गेल्या आणि खूश झाल्या. "आजकालच्या पोरी टिकली लावून मोकळ्या हुत्यात. ही बघा." शिवरात्रीनंतर साखरपुडा, असं ठरलं.

माहूरजवळच्या उनकेश्वरच्या गरम पाण्याने कातडीचे रोग जातात, असं चंद्रव्वाने ऐकलं होतं. साखरपुड्याआधी मुलीला त्या कुंडात बुडवून आणायचं तिने ठरवलं. लोकांना सांगितलं, माहूरला देवीला जातोय. बसप्पांनी एका मित्राची मेटॅडोर ड्रायव्हरसकट मागून घेतली. निघायच्या आदल्या दिवशी ईरम्मा कापडी पिशवी घेऊन दारात हजर.

"देवीला जाताय म्हनं. गाडीत जागा हाय की. मी बी येते."

चंद्रव्वाने त्यांच्या हातातली पिशवी आत घेतली.

सत्याहत्तर सालचा जानेवारी होता. तुळजापूर, लातूर, नांदेड असा रस्ता कापताना ईरम्मांचं तोंड बंद नव्हतं. "बसप्पा, तुमी दुकानात बी असंच गप बसता काय? गिऱ्हाईक वाट बघून म्हातारं हुईल की." बसप्पा नुसते हसले. रत्नम्माही हसली. पदराबाहेर तिने हात काढला नाही.

माहूरला दर्शन झालं. पायथ्याशी पांडवलेणं आहे, तेही पाहू, असं ईरम्मांनीच काढलं. आत गार काळोख होता. ईरम्मांचा पाय अडखळला तशी त्यांनी रत्नम्माचा हात घट्ट धरला आणि सोडलाच नाही. खांबांच्या मधून त्या तिला विचारत होत्या, वांग्याला कूट किती घालतेस, झोपेत बडबडतेस का. "वीरू बडबडतोय. आदीच सांगून ठिवते, मागनं तक्रार नको." चंद्रव्वा मागून चालत होती. लेण्याच्या तोंडाशी उजेडात आल्यावर ईरम्मांनी आपला तळवा पाहिला. त्याला मुलीच्या हातावरचं भस्म लागलं होतं. त्यांनी ते भक्तिभावाने स्वतःच्या कपाळाला लावलं.

चंद्रव्वाने तोंड फिरवलं. त्या क्षणी सांगून टाकावं असं तिला वाटलं. ती गाडीकडे चालू लागली.

जवळच आहे तर गरम पाण्याचं कुंडही करू, असं चंद्रव्वाने सहज बोलल्यासारखं सुचवलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ते उनकेश्वरला पोचले. कुंडातून वाफ निघत होती, हवेला गंधकाचा वास होता. बायका लुगड्यासकट पाण्यात उतरत होत्या. ज्या पाण्यासाठी एवढी वाट तुडवली ते समोर होतं, आणि शेजारी ईरम्मा पदर खोचत होत्या. चंद्रव्वा घाबरली. गल्लीतल्या बायका अशा वेळी जे कारण देतात तेच तिच्या तोंडातून निघालं.

"रत्नी न्हाय उतरायची. तिला अडचण आलीया."

ईरम्मा हसल्या. "चंद्रक्का, आपल्यात कुटं असतंय ते? गळ्यात लिंग असल्यावर कसला इटाळ? शेजारणींचं ऐकून तुमी बी बिघडला की. चल ग पोरी."

आणि त्यांनी रत्नम्माला हाताला धरून पायऱ्या उतरवल्या.

पाण्यावर राखेचा तवंग पसरला, विरून गेला, आणि हात पांढराच राहिला. ईरम्मा थांबल्या. त्यांनी मनगटापासून कोपरापर्यंत एकदा पाहिलं, मग रत्नम्माच्या तोंडाकडे. रत्नम्माने हात मागे घेतला नाही. पलीकडे डोकं धुणारी एक बाई मान उंचावून बघू लागली, तेव्हा ईरम्मांनी आपला ओला पदर त्या हातावर टाकला.

"पाणी लई कडक हाय," त्या म्हणाल्या. "चल वर."

काठावर ऊन होतं. चंद्रव्वा पोरीचा हात पुसत राहिली. वेडी आशा, पण ती निरखून बघतच होती, डागाची कड कुठे मावळली आहे का. कड होती तशीच होती.

परतीच्या वाटेवर ईरम्मा बोलल्या, पण शेतातल्या ज्वारीचं, रस्त्यावरच्या खड्ड्यांचं. वीरूचं नाव त्यांनी घेतलं नाही. लातूरच्या अलीकडे चाक पंक्चर झालं. बसप्पा आणि ड्रायव्हर ते बदलायला उतरले. रत्नम्मा मागच्या बाकावर डोळे मिटून बसली होती. चंद्रव्वाने धीर केला.

"आक्का, साखरपुड्याचं कसं करायचं?"

ईरम्मा खिडकीकडे तोंड करूनच बोलल्या. "चंद्रक्का, तुमच्या जागी मी असते तर मी बी लपवलं असतं. त्याचा राग न्हाय मला. पोर बी गुणाची हाय." मग त्या वळल्या. "आता तुमी सांगा. माज्या जागी तुमी असता, तर केली असती ही सून?"

जॅकवर गाडी हळूहळू एका अंगाने उचलली जात होती. 'केली असती' म्हणायला चंद्रव्वाने तोंड उघडलं. आपल्या नात्यातल्या एका मुलीचं स्थळ आपणच बसप्पांच्या धाकट्या भावासाठी कसं नाकारलं होतं, ते तिला आठवलं. त्या मुलीच्या ओठाजवळ एवढासाच डाग होता.

"न्हाय केली असती," ती म्हणाली.

ईरम्मांनी मान हलवली. मागच्या बाकावर रत्नम्माने डोळे उघडले आणि आईकडे पाहिलं.