पडद्यावरचा कोपर

आज गल्लीत गादीवाला जुना कापूस पिंजत होता. ती धूळ नाकात गेली आणि मी अकोल्यात, जठारपेठेतल्या रफिकच्या घरी पोचलो. त्याचे अब्बा पिंजारी. नापिकीची वर्षं, नव्या गाद्या कोण भरणार? लोक जुनाच कापूस पुन्हा पिंजून नेत. त्याच धुळीत आम्ही दोघं मित्र गिटारवर रॉक वाजवायचो.

अमरावतीच्या कार्यक्रमाला आलेल्या एका नामांकित गायकाला ऐनवेळी गिटारवाला हवा होता. आम्हाला ऐकायला तो रफिकच्या घरीच आला. मी जीव तोडून वाजवलं. रफिकनं मोजकेच सूर घेतले आणि गायक गुणगुणायला लागताच तारांवर अलगद तळवा टेकवला. अब्बा पिंजणाची तार शांत करायचे, अगदी तसा. गायकानं त्यालाच निवडलं.

"वाजवलं काय तू? अन् तरी तुलेच नेऊन राहिले!" मी तडकलो.

"तो गाऊन राहिला होता ना भाऊ. मी काहून मधात बोलू?"

आता तो बड्या बड्या गायकांमागे वाजवतो. नाव कुणी घेत नाही, टीव्हीवर दिसला तर कोपर दिसतो. मला मात्र अमरावतीत पोरं 'गिटारवाले सर' म्हणून वाकून नमस्कार करतात.

काल टीव्हीवर गाण्याचा कार्यक्रम बघताना बायकोनं विचारलं, "यातला तुमचा रफिक कोणता?"

"दिसत नाही," मी म्हणालो.

तेवढ्यात गिटारचा आवाज हळूच खाली बसला आणि गायकानं मागं न बघता, डोळे मिटून वरचा सूर लावला.

माझ्या भरवशावर असे डोळे कुणी कधी मिटले नाहीत.