घड्याळ कुठलं घ्यावं

महाडात कुणाला डोंगरात घालायला घड्याळ घ्यायचं असलं की त्याला माझ्याकडे पाठवतात. मी घड्याळवाला नाही. शाळेत भूगोल शिकवतो. पण सुट्टीचा दिवस आला की मी घरात सापडत नाही, आणि इतक्या वर्षांच्या हिंडण्यात मनगटावरची इतकी घड्याळं मी घालवली आहेत की लोकांना वाटतं, याला टिकणारं कुठलं ते कळत असणार. एकाची काच चंद्रगडाच्या कातळावर गेली. एकाचा पट्टा ओढा ओलांडताना तुटला आणि ते थेट सावित्री नदीच्या दिशेनं निघून गेलं. एक पुराच्या चिखलात कपाटासकट बुडालं. धुऊन पुसून उन्हात ठेवलं तर काही दिवस इमानदारीत चाललं, मग काट्यांखाली बुरशी दिसायला लागली. बायको म्हणाली, आता तरी भिंतीवरच्या घड्याळात बघून घरातून निघत जा.

तर कुणी विचारलं की माझं व्याख्यान सुरू व्हायचं. डब्यावर पन्नास मीटर लिहिलेलं असलं म्हणजे पन्नास मीटर खोल पाण्यात चालतं असं नव्हे रे बाबा. हात धुवा, फार तर पोहा. कोकणात डोंगरात घालायचं तर शंभराच्या खाली बघू नका. स्टीलचा पट्टा नको, दोरात अडकला तर मनगट सोलवटून निघतं. नायलॉनचा घ्या, वेळ पडली तर तो फाटला पाहिजे. उन्हावर चार्ज होणारं? आमच्याकडे पावसाळाभर सूर्य रजेवर असतो. बटणं मोठी हवीत, ओल्या बोटांनी दाबता आली पाहिजेत. दुकानदार काच दाखवून ‘सर, दगडावर घासा’ म्हणाला तर खरंच घासायला मागा आणि त्याचं तोंड बघा.

हल्ली मी एवढं सांगून गप्प बसतो. काट्यांचं साधं घड्याळ घ्या म्हणतो. नाडी मोजणारं, झोप मोजणारं, पावलं मोजणारं घड्याळ कुणी पुढे केलं तर मला सरळ राग येतो, आणि तो समोरच्याला कळत नाही. त्याला कसा कळणार?

असंच एक घड्याळ मी स्वतः एका मुलाला निवडून दिलं होतं.

तो मुलगा पोलादपूरच्या पुढच्या एका वाडीतला, महाबळेश्वरचा घाट चढायला लागतो त्याच्या अलीकडचा. घरात तो आणि आई, दोघंच. आठवडाभर महाडच्या एमआयडीसीत कंपनीत कामाला, आणि सुट्टीला मुंबई-पुण्याच्या मंडळींना डोंगरात घेऊन जायचा. आमच्या ट्रेकिंगच्या ग्रुपमध्ये आला तेव्हा जेमतेम मिसरूड फुटलेली होती. पुढे दोर बांधण्यात माझ्यापेक्षा तरबेज झाला, आणि तसं मला तोंडावर सांगायचाही. बोनस मिळाला तेव्हा फोनवर दोन घड्याळं घेऊन माझ्याकडे आला.

‘‘सर, यातलं कुठलं घेऊ? फायनल तुम्ही सांगा.’’

एक स्वस्त होतं, एक महाग. महागाची बॅटरी लांब टिकणारी होती, काच चांगली, पट्टा नायलॉनचा, नकाशा, उंची, हवेचा दाब आणि रात्रंदिवस नाडी मोजायची सोय. मी सगळी माहिती वाचून काढली, दोन रात्री डोकं खपवलं आणि महागडं घे म्हणालो. म्हटलं, एकदाच काय ते घे, जन्मभर मोडायचं नाही. घड्याळ आलं तेव्हा पहिलं माझ्याच हातावर बांधलं त्यानं. मग आईला घेऊन सव गावच्या गरम पाण्याच्या झऱ्यावर गेला. तिचे गुडघे दुखायचे. तिथून चालतानाचा नकाशा त्यानं मला पाठवला होता, झऱ्यापासून एसटीच्या थांब्यापर्यंतची वाकडी निळी रेघ. खाली लिहिलं होतं, ‘आईचा पहिला ट्रेक.’

आता आमच्या दुसऱ्या कामाबद्दल सांगायला हवं. घाटात एखादी गाडी दरीत गेली की पोलीस आम्हाला बोलावतात. दोर आमच्याकडे आहेत आणि उतरायची सवय आमच्या पोरांना आहे, एवढंच. मी हल्ली खाली उतरत नाही, वर दोर सांभाळतो आणि घरच्यांशी बोलतो. ते काम उतरण्यापेक्षा अवघड आहे. घरचे लोक जमलेले असतात आणि त्यांना एकच विचारायचं असतं, फार त्रास झाला का. त्यावर आमचं एक वाक्य ठरलेलं आहे. ‘जागच्या जागी गेला, त्याला काही कळलंसुद्धा नसेल.’ कुणी शिकवलं नाही, आपोआप ठरलं. कधी ते खरं असतं, कधी नसतं. खोटं असतं तेव्हाही मी ते डोळ्याला डोळा देऊन बोलतो आणि मला त्याची लाज वाटत नाही. ज्यांना वाटते त्यांनी एकदा त्या कठड्यापाशी उभं राहून खरं बोलून दाखवावं.

गणपती होऊन गेले होते. घाटात त्या दिवसांत धुकं असं बसतं की आपल्याच गाडीचं तोंड दिसत नाही. पहाटे भाजीचा टेम्पो घेऊन उतरणाऱ्या माणसाला एका वळणावर कठडा ताजा फुटलेला दिसला आणि त्यानं पोलादपुरात येऊन सांगितलं. आम्हाला फोन आले. आम्ही पोचलो तेव्हा उजाडलं होतं, पण दरीत नुसता पांढरा कापूस भरलेला. खाली काय आहे, मोटार की मोटरसायकल, एक माणूस की चार, काही कळत नव्हतं.

धुक्यात उतरायचं नाही हा आमचा नियम आहे. वरून सुटलेला दगड दिसत नाही. आमच्यातल्या एकाचा खांदा त्यातच कायमचा गेलेला आहे. पोरं घाई करत होती, मी थांबा म्हणालो. हाका मारल्या, शिट्ट्या वाजवल्या, कान देऊन ऐकलं. पाण्याचा आवाज येत होता, बाकी काही नाही. कुणीतरी पोलादपुराकडून चहा आणला. मी ग्रुपवर टाकायला धुक्याचा एक फोटो काढला. बऱ्याच वेळानं वारा सुटला, झाडांचे शेंडे दिसायला लागले आणि दोघं उतरले. थोड्या वेळानं वॉकीटॉकीवर आवाज आला, ‘एकच आहे. गेलाय.’ आणि मग नुसती खरखर. का बोलत नाहीत ते मला कळेना.

स्ट्रेचर वर आलं तेव्हा मी आधी घड्याळ ओळखलं. चेहरा नंतर बघितला. काचेवर ओरखडा नव्हता. आकडे चालू होते.

महाबळेश्वरच्या बाजूला कुठल्याशा ग्रुपला फिरवून तो संध्याकाळी मोटरसायकलवरून परत निघाला होता. धुकं असलं की तो तिकडेच राहायचा, म्हणून आई निर्धास्त होती. घाटात फोनला रेंज नसते, त्यामुळे फोन लागला नाही याचंही तिला काही वाटलं नाही. तिला सांगायला मीच गेलो. ओटीवर भिंतीला बुद्धाचा आणि बाबासाहेबांचा फोटो, त्याखाली याचे ट्रेकचे बूट धुऊन पालथे घातलेले. मी ते ठरलेलं वाक्य म्हटलं. त्या दिवशी मला ते खरंच वाटत होतं. इतक्या वरून पडल्यावर कोण वाचतं?

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होऊन गेला. त्यानंतर काही दिवसांनी ती महाडला आमच्या घरी आली. अंगणवाडीत मदतनीस आहे, तिथून परस्पर आली होती. पिशवीतून तिनं त्याचा फोन आणि घड्याळ काढलं. फोन सॅकमध्ये कपड्यांत गुंडाळलेला होता, म्हणून एका कोपऱ्याला तडकण्यावर निभावला होता.

‘‘भाऊ, घड्याळ बंद पडलंय. त्याचा चार्जर सापडत नाय. त्याचं सगळं चालणं हाय त्यात. तुम्हीच निवडलेलं, तर तुम्हीच बघा.’’

तसल्या घड्याळाचा चार्जर आमच्या ग्रुपमध्ये एकाकडे होता. दुसऱ्या दिवशी मी ते चार्ज केलं आणि सगळं जागेवर आहे ना हे बघायला फोनवरचं त्याचं ॲप उघडलं. त्याचे सगळे डोंगर तिथे होते. सवची निळी रेघही होती. मग शेवटचा दिवस उघडला.

नाडीची रेघ संध्याकाळी एकदम वर गेली होती. तिथे ती तुटायला हवी होती. तुटली नव्हती. रात्रभर खालच्या अंगानं चालली होती, हळूहळू उतरत. मेलेल्या मनगटावरही अशी यंत्रं कधीकधी भलतेच आकडे दाखवतात असं मी कुठेतरी वाचलं होतं, आणि त्या वाचलेल्याला मी घट्ट धरून बसलो. पण त्याच पानावर हालचालीच्या खुणा होत्या. मधूनमधून, बारीक. मध्यरात्रीच्या पुढेसुद्धा. तो हात हलत होता. मोडलेल्या घड्याळानं मला खोटं बोलू दिलं असतं, आणि मी त्याला न मोडणारं निवडून दिलं होतं.

मग मी माझा फोन काढून त्या सकाळचा धुक्याचा फोटो शोधला आणि त्यावरची वेळ बघितली. रेघ त्यानंतर संपत होती. फार नंतर नाही, पण नंतर.

नियम चुकला असं मी आजही म्हणणार नाही. उद्या तसंच धुकं असलं तर मी पोरांना थांबवीन. पण हे बोलणं सोपं आहे, आणि कप हातात धरून आम्ही त्या कठड्यापाशी उभे होतो ते डोळ्यांपुढून हलवणं मला जमत नाही.

सगळं पुसून टाकावं असं मनात आलं. घड्याळ कोरं करता येतं, ॲपही. त्या एका रात्रीचं मात्र मला काही केल्या वेगळं काढता येईना. पुसायचं तर त्याचे सगळे डोंगर जाणार आणि आईचा तो पहिला ट्रेकही. मी बोट लावून काढून घेतलं, पुन्हा लावलं, पुन्हा काढलं. शेवटी काहीच न पुसता दोन्ही वस्तू पिशवीत घातल्या. म्हटलं, तिला काय कळणार त्यातलं, आपण गप्प बसायचं.

तिच्या घरी गेलो तेव्हा ती दारातच निवडण घेऊन बसली होती. घड्याळ बघून उठली, हात पदराला पुसला आणि ते स्वतःच्याच मनगटावर बांधलं. पट्टा शेवटपर्यंत ओढला तरी तिच्या हातावर सैलच बसला. पाणी दिलं, चहा ठेवते म्हणाली, पण चुलीकडे गेली नाही. समोर बसली.

‘‘बघितलंत ना, भाऊ?’’

‘‘काय, ताई?’’

‘‘रोज रात्री जेवताना दाखवायचा तो मला. आई, हे बघ माझं काळीज कसं चाललंय. फोन घरी आला तवा मी पयलं तेच उघडलं. येवढं वाचता येतं मला. त्याचं काळीज रातभर चालत व्हतं.’’

मला तिच्याकडे बघवेना. मी तिच्या सुपातल्या तांदळाकडे बघत राहिलो.

‘‘तुम्ही मला तसं सांगितलंत ते बरंच केलंत. वाडीत मी पण तेच सांगते सगळ्यांना. राग नाय मला. फकस्त एक सांगा. तुम्ही माणसं वर रस्त्याव आलात, तवा तो व्हता का?’’

नाही म्हणणं अगदी तोंडाशी आलं होतं. इतक्या लोकांना इतक्या वेळा बोललो होतो, आणखी एकदा बोलायला काय लागत होतं? पण घड्याळ तिच्या हातावर होतं आणि ती माझ्याकडे बघत होती.

‘‘हो, ताई. होता.’’

ती ओरडेल, मला बाहेर काढेल असं वाटलं. काढायला हवं होतं. ती सैल पट्टा मनगटावर वर सरकवत राहिली.

‘‘मंग माणसं आलीत, हे त्याला कळलं असंल,’’ ती म्हणाली. ‘‘म्हणजे अगदीच एकटा नाय गेला.’’

मी नुसती मान हलवली.

‘‘हाका मारल्यात तुम्ही?’’

‘‘मारल्या, ताई. खूप मारल्या.’’

‘‘नावानं मारल्यात?’’

‘‘हो,’’ मी म्हटलं. ‘‘नावानंच.’’

खाली कोण पडलंय हे त्या वेळी आमच्यापैकी एकालाही माहीत नव्हतं. ‘कुणी आहे का, कुणी आहे का,’ असंच आम्ही ओरडत होतो.