बांगड्यांच्या ग्रुपची माल्सुनताई

माल्सुन मोठ्यानं बोलायची. तिची आई गोदीत जहाजांच्या बुडाला चढलेला गंज हातोडीनं ठोकून काढायची. त्या कामात बायकांचे कान जायचे, आणि बहिऱ्या आईच्या घरात वाढलेली पोर हळू बोलायला कुठून शिकणार? सोलपासून लांब, दक्षिणेच्या बंदरातल्या यंगदो बेटावर आमच्या चढाच्या रस्त्याला तिचं पार्लर होतं आणि भिंतीला भिंत लागून माझं कपडे दुरुस्तीचं दुकान. पँट आखूड करता करता मला पलीकडचं सगळं ऐकू यायचं. कुणाची सून माहेरी गेली, कुणाचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं, सगळं.

नवरा लवकर गेला, मुलगा उल्सानला कारखान्यात. माल्सुनला खरी सोबत होती ती दोकजाची. दोघी एका बाकावर शिकलेल्या. दोकजा पुलापलीकडे जागाल्चीच्या बाजारात सुकी मासळी विकायची, आणि पार्लर बंद असेल अशा रविवारी येऊन केस कुरळे करून घ्यायची. केस होईपर्यंत दोघी भांडायच्या. कशावरूनही. लोणच्यात मीठ किती, यावरून मी त्यांना एकदा अर्धी दुपार भांडताना ऐकलंय.

कोरोनाच्या दुसऱ्या वर्षी पार्लर ओस पडलं होतं. तेव्हा एका रविवारी थेरिम आला. आमच्याच गल्लीत वाढलेला, सोलला जाऊन चित्रकार झालेला मुलगा. त्यानं बांगडे काढले होते. मासे, पण प्रत्येक निराळा: टोपी घातलेला बांगडा, रेनकोटातला बांगडा, वेल्डिंगचा चष्मा लावलेला बांगडा. असे काही हजार. सोलच्या दोन भागीदारांबरोबर कंपनी काढून तो ते विकणार होता.

"म्हणजे चित्र सगळ्यांना दिसणार?" माल्सुननं विचारलं.

"हो मावशी."

"फुकट?"

"फुकट."

"मग मी पैसे कशाचे देऊ रे?"

"त्यावर नाव तुमचं. आणि ते नाव कुठल्या एका कचेरीत नसतं, जगभरच्या कितीतरी कॉम्प्युटरवर एकदमच लिहिलेलं असतं. कुणा एकाला खोडता येत नाही. यालाच एनएफटी म्हणतात."

माल्सुननं विचार केला. "म्हणजे माझ्या लग्नाचा फोटो सगळ्या गल्लीनं बघितला, पण नवरा माझाच."

"अगदी तस्संच!"

केसांना रोलर लावून बसलेली दोकजा म्हणाली, "नवरा निदान भांडायला तरी उपयोगी पडायचा. हा मेला बांगडा तळताही येत नाही."

तरी दोघींनी एकेक घेतला. गल्लीतलं पोर, त्याला पाठिंबा नको का? मीही एक घेतला, हातात कात्री असलेला. माल्सुनसाठी थेरिमनं मुद्दाम डोक्याला रोलर लावलेला बांगडा काढला होता. तो बघून ती इतकी हसली की रस्त्यावरचा भाजीवाला डोकावून गेला.

बांगडा घेणाऱ्या सगळ्यांचा फोनवर एक ग्रुप होता. तिथली भाषा आम्हाला परकी. वॉलेट, टोकन, अमुक नाणं वर गेलं, तमुक पडलं. माल्सुनला त्यातलं ओ की ठो कळायचं नाही. ती सकाळी पार्लर उघडायची आणि दोन अंगठ्यांनी सावकाश लिहायची, "सगळे जेवलात का?" पहिल्यांदा कुणी तरी हसलं. मग जेजू बेटावरच्या बू नावाच्या इंजिनिअरनं लिहिलं, "नाही मावशी, आज नुसती कॉफी." तिनं त्याला तिथल्या तिथे झापलं. त्या दिवसापासून ती सगळ्यांची मावशी झाली. तरणी पोरं तिला मुलाखतीला कुठला शर्ट घालू ते विचारायची. आर्नेल नावाचा एक फिलिपिनो खलाशी जहाजावरून सूर्यास्ताचे फोटो पाठवायचा. नवीन माणूस आलं की माल्सुन त्याचं गाव विचारायची, आणि पुढच्या वेळी त्या गावच्या पावसाची चौकशी करायची. थेरिमच्या भागीदारांनी तिला ग्रुपची व्यवस्थापक करून टाकलं. पगार नव्हता, मान होता. बांगड्यांची किंमत चढत गेली आणि आमच्या चढावरची माणसं तिला वाकून नमस्कार करायला लागली.

मला वाटतं, तिला पैशाची ओढ कधीच नव्हती. कितीतरी माणसं रोज तिचं ऐकत होती, त्याची लागली.

पुढल्या वसंतात भाव उतरायला लागले. ज्या डिजिटल नाण्यात बांगड्यांचे व्यवहार चालायचे त्याच्याबद्दल काहीबाही कानावर येत होतं. तशातच एका रविवारी दोकजा केस करायला आली. मीही तिथंच होते, उकडलेली रताळी घेऊन गेले होते.

"माल्सुन," दोकजा म्हणाली, "माझा बांगडा विकू का गं? नंतर आणखी घेतले होते, तेही. सुजॉंगचं लग्न ठरलंय. भाड्याच्या घराची अनामत भरायची आहे लेकीला नि जावयाला."

माल्सुनचे हात तिच्या केसांत होते. फळीवरचा फोन सारखा थरथरत होता. सगळे तिलाच विचारत होते, मावशी, काय करू?

"आत्ता? वेड लागलंय का तुला? आत्ता सगळे एकमेकांचा हात धरून उभे आहेत. तू, माझी मैत्रीण, तूच सुटलीस तर बाकीचे काय म्हणतील? थांब जरा. आपण सगळे एक घर आहोत."

दोकजानं आरशात तिच्याकडे बघितलं. एरवी इथं भांडण व्हायचं. ती एवढंच म्हणाली, "बरं. तू म्हणतेस तर."

त्यानंतर थोड्याच दिवसांत ते नाणं कोसळलं. सकाळी उठलो तर त्याला किंमतच उरली नव्हती. बांगडे त्याच्याबरोबर गेले. सोलच्या भागीदारांनी कंपनी गुंडाळली आणि त्यांचे फोन बंद झाले. थेरिमचाही.

ग्रुपवर काय काय आलं ते इथं सांगण्यासारखं नाही. चोर म्हणाले, सामील होतीस म्हणाले. "मावशी, तुम्हीच म्हणालात थांबा." मी तिला म्हटलं, "बंद कर तो ग्रुप. तुझा काय संबंध?" पण ती खुर्चीत बसून एकेकाला उत्तर देत राहिली. "हो, मी म्हणाले होते. माझं चुकलं. जेवलास का?" एकानं त्यावर तिला आईवरून शिवी दिली. मग थोड्या वेळानं त्याचाच निरोप आला, "नाही जेवलो."

मग बूनं एक नवीनच संकट सांगितलं. नावं शाबूत राहतील, कारण ती सगळीकडे लिहिलेली आहेत. पण चित्रं होती कंपनीनं भाड्यानं घेतलेल्या जागेवर. भाडं थांबलं की चित्रं जाणार.

"दारावर पाटी राहील मावशी, पण आत घर नसेल."

"मग घर उचलून आणू," माल्सुन म्हणाली. "सांग कसं ते."

प्रत्येकानं आपापलं चित्र उतरवून घ्यायचं, बूकडे पाठवायचं, आणि सगळ्यांनी मिळून भाड्यानं घेतलेल्या नवीन जागेत तो ते नेमक्या क्रमांकाला लावणार. प्रश्न होता रागावून ग्रुप सोडून गेलेल्यांचा. माल्सुननं त्यांना एकेक करून फोन लावले. हातात कंगवा, समोर गिऱ्हाईक, आणि फोन मी तिच्या कानाला धरलेला. काहींनी तोंडावर आपटला. देगूची एक बाई नुसती रडत राहिली, माल्सुन ऐकत राहिली, आणि गिऱ्हाईक म्हातारी म्हणाली, "ऐक बाई ऐक, माझे केस कुठं पळून जातायत." आर्नेलच्या जहाजाला बंदर लागलं तेव्हा त्यानं आपलं आणि सोबतच्या खलाशांची, अशी सगळी चित्रं एकदम पाठवली. जवळजवळ सगळे बांगडे वाचले. काही गेले ते गेलेच.

शरदात थेरिम आला. दाराबाहेर उभा होता, आत यायचं धाडस होईना.

"ये आत," माल्सुन म्हणाली. "झिंज्या बघ किती वाढल्यात. बस."

कात्री चालू झाल्यावर तो पुटपुटला, "मावशी, त्या दोघांचं मला खरंच माहीत नव्हतं."

"नसेल. मी मानते. पण फोन का बंद केलास?"

केस कापून होईपर्यंत तो रडत होता आणि ती त्याच्या मानेवरचे केस झटकत होती. जाताना त्यानं सगळी चित्रं ग्रुपच्या नावे लिहून देतो म्हणून सांगितलं, आणि दिलीही.

त्यानंतर ग्रुपचा कारभार ग्रुपच बघायला लागला. एका बांगड्याला एक मत. आमच्या चढाखालच्या माशाच्या वड्यांच्या दुकानाला कागदी पिशव्यांवर छापायला बांगडे दिले, मिळालेल्या पैशातून जागेचं भाडं निघालं. उरलं त्यातून गोदीत हातोडी चालवलेल्या म्हाताऱ्यांना वर्षातून एकदा जेवण. पहिल्या जेवणाला जेजूहून बू आला, देगूची ती बाई आली. माल्सुनला मिठी मारून दोघं असे उभे राहिले की वाढणाऱ्यांना वाट मिळेना. भाव मात्र परत कधी चढले नाहीत. गावच्या वर्तमानपत्रात छापून आलं: कंपनी बुडाली, बांगडे तरले. मी तो अंक तिला नेऊन दिला. तिनं वाचला आणि गिऱ्हाइकाच्या खांद्याला रंग लागू नये म्हणून तोच मधोमध फाडून खांद्यावर टाकला.

कारण इतक्या जणांना फोन केले, त्यात एक राहिला होता. दोकजानं शिवी दिली नव्हती, की ग्रुपवर एक शब्द लिहिला नव्हता. ती फक्त रविवारी यायची थांबली. सुजॉंगचं लग्न पुढं ढकललं गेलं, हे आम्हाला तिसऱ्याकडून कळलं.

"जाऊन ये," मी म्हणायचे.

"जाईन. चित्रांचं एवढं निस्तरू दे." मग चित्रांचं निस्तरलं. "जेवणाचं होऊ दे." जेवणही झालं.

शेवटी हिवाळ्यात मीच तिला ओढून जागाल्चीला नेलं. दोकजा गाळ्यावर सुके मासे लावत होती. आम्हाला बघून तिनं हात पुसले.

"या," ती एकट्या माल्सुनकडे बघून म्हणाली. "काय देऊ तुम्हाला?"

तुम्हाला! जिनं जन्मभर माल्सुनला "ए भोपळे" म्हणून हाक मारली, ती. माल्सुनचा चेहरा एवढासा झाला.

"दोकजा, असं नको बोलूस गं. शिव्या दे. तुझे पैसे बुडवले मी."

"पैशाचं काय, माझे मीच लावले होते. रागही नाही आला." दोकजानं मासे नीट रचले. "मी तुम्हाला मैत्रीण म्हणून विचारलं होतं. तुम्ही मला त्या ग्रुपच्या बाई म्हणून उत्तर दिलंत. तेवढंच."

माझी ही मोठ्या आवाजाची शेजारीण, जिला शेकडो परक्या माणसांना काय म्हणायचं ते सुचलं होतं, तिला तिथं एक अक्षर सुचलं नाही. शेजारच्या गाळ्यावरच्या बाईनं बर्फ ओतला. मग एक गिऱ्हाईक आलं आणि दोकजा तिकडे वळली.

त्यानंतर माल्सुन ग्रुपवर रोज जायची, पण कुणाला थांब म्हणाली नाही, आणि जा असंही नाही. कुणी विचारलंच तर लिहायची, "मला नको विचारूस बाळा. मी या ग्रुपमधली आहे. तुला ओळखणाऱ्या, आणि यात नसलेल्या माणसाला विचार." दोघंतिघं नाराज झाले. बू म्हणाला, मावशी बदलल्या. काहीजण विकून गेले, त्यांच्याही गावच्या पावसाची ती चौकशी करत राहिली.

वर्ष उलटल्यावर सुजॉंगचं लग्न झालं. घराची अनामत जमली नव्हती, तेव्हा दोघं किम्हेला मुलाच्या आईवडिलांकडे राहणार होती. आमंत्रण सुजॉंगनं दिलं, तिच्या आईनं नाही. माल्सुननं आमच्या गल्लीतल्या सगळ्या बायकांचे केस करून दिले, आणि मग आम्ही दोघी बसनं गेलो. जेवताना दोकजा प्रत्येक टेबलाशी येऊन वाकत होती. आमच्यापाशीही आली. अंगावर सणासमारंभाचा फिकट निळा हानबोक, केस कुठल्याशा महागड्या पार्लरमधून करून आणलेले.

"लांबून आलात, आभारी आहे," ती म्हणाली. "पोटभर जेवा."

"मुलगी छान दिसतेय," माल्सुन म्हणाली. आवाज इतका हळू की मला शेजारी बसून नीट ऐकू आला नाही.

"हो ना?" दोकजा म्हणाली. क्षणभर ती तिथंच थांबली, माल्सुनच्या ताटाकडे बघितलं. मग पुढच्या टेबलाकडे गेली.

परतीच्या बसमध्ये माल्सुन खिडकीला डोकं टेकून बसली होती. पूल आला, खाली जहाजं दिसायला लागली, तेव्हा ती म्हणाली, "तिच्या मानेवर डावीकडे भोवरा आहे गं. तिथले केस उलटे कुरळे करावे लागतात. त्या पार्लरवालीला कुठून माहीत असणार. मागून सगळे उभे राहिले होते."

"सांगायचंस तिला," मी म्हटलं.

"कुणाला?" ती म्हणाली, आणि आमचा थांबा येईपर्यंत पुन्हा बोलली नाही.