आत्या कुठे लिहायची?

मंगला गौरीच्या देवळाजवळच्या गल्लीत एक गृहस्थ आम्हा नोकरदारांचे इन्कमटॅक्सचे फॉर्म भरून देतात. आधी कच्च्या कागदावर पेन्सिलीनं, मग कॉम्प्युटरवर. बोलायची सुरुवात हिंदीत, पुढे मराठी.

“देखिए, तुमच्यावर अवलंबून कोण?”

“आत्या. तिला दिसत नाही. सर्टिफिकेट आहे.”

“सवलतीला बायको, मुलं, आईवडील, भाऊबहीण चालतात. आत्या नाही चालत.”

दर वर्षी हेच. तरी ते आत्याचं नाव आधी लिहितात, चष्म्यावरून माझ्याकडे बघतात आणि सावकाश खोडतात. चेष्टा करतात की हळहळतात, मला अजून कळलेलं नाही.

यंदा मी चिडलोच. “अहो, पण राहते ती माझ्याकडेच!”

“स्वयंपाक कोण करतं?”

“तीच. हाताच्या अंदाजानं.”

“तुम्हाला ताप आला तर?”

“तीच बसते उशाशी.”

त्यांनी बराच वेळ काहीतरी खोडलं, लिहिलं आणि कागद माझ्यापुढे सरकवला. करदात्याच्या जागी आत्याचं नाव होतं. अवलंबून असलेल्यांत माझं.

“देखिए, आता बरोबर?”

हसावं की नाही, समजेना. त्यांनी पुन्हा रबर उचललं, तेव्हा मी म्हटलं, “राहू द्या जरा.”