आलो पायांनी, जाऊ पायांनी

माझ्या धाकट्या दिरांना फुटबॉल क्लबात सगळे ‘मलम’ म्हणतात. तोंडावर मलमकाका, पाठीमागे नुसतंच मलम. पोटापाण्यासाठी ते सोफे दुरुस्त करतात. आमच्याच घराच्या खालच्या खोलीत त्यांचं दुकान आहे आणि जिना चढता-उतरताना काथ्या, सरस आणि जुन्या फोमचा वास आमच्या नाकात जातो. पण हा झाला जोडधंदा. खरा धंदा संध्याकाळी मैदानावर सुरू होतो, आणि तो म्हणजे धडधाकट माणसांना लंगडं करणं. हे मी रागाने म्हणते आहे, पुढचंही रागानेच सांगणार आहे, तेव्हा वाचणाऱ्याने मीठ कमी-जास्त आपल्या चवीने घालून घ्यावं.

त्यांची सगळी वैद्यकी एका दमात सांगून होते. “शरीर म्हणजे काय हो वहिनी, सोफाच. आत स्प्रिंगा, वर कापड. कुरकुरलं की तेल घालायचं, दाबायचं, बसवायचं.” खेळाडू पडला की भाऊजी काळी बॅग घेऊन मैदानात धावतात. धावतात म्हणजे उजवा पाय धावतो, डावा मागून फरफटत येतो. बॅगेत तेलाची बाटली, कडकडीत पाण्याचा थर्मास आणि सोफ्याखाली ताणतात त्या पट्टीचं एक गुंडाळं. घोटा मुरगळला की त्यावर गरम शेक. सूज टम्म वाढली की म्हणायचं, “वाढू दे, आतलं बाहेर पडतंय.” धावताना मांडीच्या मागचा स्नायू फाटला की गड्याला तिथेच पालथा पाडून कणीक तिंबल्यासारखा तिंबायचा. नाकातून रक्त आलं की मान मागे, मग तो बिचारा स्वतःचंच रक्त गिळून ओकत बसतो. डोक्यावर डोकं आपटून कोणी भिरभिरला तर ‘ही बोटं किती?’ विचारायचं आणि उत्तर जवळपास आलं की खेळायला सोडायचं. एका गोलरक्षकाचं वाकडं झालेलं बोट त्यांनी ओढून इतकं सरळ केलं की ते आता वाकतच नाही. लग्नाच्या फोटोत तो माणूस पाहुण्यांना रस्ता दाखवतो आहे असं वाटतं.

गंमत अशी, की मी बर्फाच्या कारखान्यात काम करते. दिवसभर फोनवर लाद्यांच्या ऑर्डरी घेते. लाद्या उचलणाऱ्यांचे पाय लचकतात, बोटं चेंगरतात, म्हणून तिथे भिंतीवर मोठ्या अक्षरांत सूचना लावली आहे. ती वाचूनवाचून मला पाठ झाली आणि मी ती भाऊजींना जेवताना ऐकवत आले. “ताज्या माराला शेक देऊ नका. चोळू तर मुळीच नका. कापडात गुंडाळून बर्फ ठेवा, थोड्या वेळाने काढा. पट्टी बांधा, पाय उशीवर घ्या आणि माणसाला गप पडू द्या. डोक्याला मार असेल तर खेळ तिथेच बंद.” भाऊजी ताटातून मान वर न करता म्हणायचे, “बर्फानं स्प्रिंग गंजते, वहिनी.” पिकतं तिथे विकत नाही म्हणतात, आमच्याकडे तर फुकटही जात नव्हतं. माझ्या कारखान्याचा बर्फ क्लबात जायचा तो फक्त सरबताच्या पिंपात.

या क्लबाची एक रीत आहे. कपडे बदलायच्या खोलीत दारावर निळ्या रंगाने लिहिलंय: ‘आलो पायांनी, जाऊ पायांनी’. अक्षर भाऊजींचंच. अर्थ असा, की कितीही लागलं तरी खेळाडूने मैदानातून स्वतःच्या पायांनी चालत बाहेर यायचं. तो चालू लागला की सगळं मैदान टाळ्या वाजवतं, आणि लंगडला तर जास्त वाजवतं. एका औषधविक्रेत्याने क्लबाला छानसं स्ट्रेचर भेट दिलं होतं. त्यावर कोणी झोपण्याचा प्रश्नच नव्हता, म्हणून ते दोन खुर्च्यांवर आडवं टाकून त्याचं चहाचं टेबल केलं. प्लास्टिकचं वेष्टणही काढलं नाही, कारण सांडलेला चहा पुसायला ते बरं पडतं.

आणि ही रीत टिकली ती भाऊजींच्या गोष्टीवर. ते तरुणपणी डाव्या बगलेने खेळत. अंतिम सामन्यात त्यांचा गुडघा ‘टक्क’ वाजला. वस्ताद म्हणाले, ऊठ. भाऊजी उठले आणि त्याच पायाने विजयाचा गोल मारला. ही गोष्ट क्लबातल्या प्रत्येक नव्या खेळाडूला बूट मिळायच्या आधी मिळते. सांगताना भाऊजी खुर्चीतून उठतात, ‘टक्क’ला बोटं मोडतात, गोलच्या वेळी खालची बादली लाथाडतात. मी लग्न होऊन आले त्या वर्षी ती पहिल्यांदा ऐकली आणि साधं विचारणार होते, की मग पुढच्या सामन्यात काय झालं? आमच्या ह्यांनी टेबलाखालून माझा पाय दाबला. रात्री म्हणाले, “ते त्याला विचारू नकोस.” तेव्हापासून कोणी विचारलं नाही, आणि बादल्या मात्र दरवर्षी नव्या आणाव्या लागल्या.

आमची लेक याच क्लबाच्या मुलींच्या संघात बचाव सांभाळते. उजव्या बाजूला ती उभी असली की समोरची पोरगी चेंडू घेऊन दुसरीकडूनच जाते, इतका तिचा वचक. काकांची ती लाडकी. तिचे बूट ते स्वतः शिवून देतात, आणि ते काम मात्र चोख असतं, खोटं का बोलू. यंदा एका मोठ्या, पगार देणाऱ्या संघाने तिला पुढच्या हंगामासाठी निवडलं. अट एकच होती: हंगामाआधी त्यांचा डॉक्टर तपासणार, आणि पाय धड असले तरच करार. घरात आनंदीआनंद झाला. मी मात्र रोज भाऊजींच्या बॅगेकडे बघत होते.

शेवटून दुसऱ्या सामन्यात ते झालं. लेकीचा पाय जमिनीत रोवलेला, चेंडू तिच्याकडे, आणि समोरची आडदांड मुलगी घसरत येऊन बाहेरच्या बाजूने थेट तिच्या गुडघ्यावर पडली. लेक ओरडली नाही. गुडघा दोन्ही हातांत धरून आडवी झाली. ती गप्प राहिली तेव्हाच मी जागेवरून उठले, कारण साधं खरचटलं तर ती अख्खं घर डोक्यावर घेते.

मी कठड्यावरून उतरून पोचेपर्यंत भाऊजी बसून थर्मास उघडत होते. गुडघ्याची आतली बाजू डोळ्यांदेखत फुगत होती.

“काही नाही, नस चढलीय,” ते म्हणाले. “शेकतो, दोन हात चोळतो, की ऊठ आणि चालून दाखव.”

“भाऊजी, हात लावायचा नाही!” मी ओरडले.

“वहिनी, मैदानात बायकांचं काम नाही.” एकवीस मुली आजूबाजूला उभ्या असताना हे वाक्य बोलायला एक वेगळीच प्रतिभा लागते.

तेवढ्यात टाळ्या सुरू झाल्या. लोकांना वाटलं, आता ही उठणार, लंगडत येणार. शेजारच्या मुलींनी तिच्या काखेत हात घालायला सुरुवात केली. लेकीने त्यांचे हात बाजूला केले.

“काका, मला उठायचं नाही. स्ट्रेचर आणा.”

भाऊजींचा चेहरा असा झाला, जणू तिने तिरडीच मागितली. “स्ट्रेचर? आपल्या घरातली तू! अगं, माझा गुडघा टक्क वाजला होता. हे तर त्याच्यापुढं काहीच नाही. वस्ताद म्हणाले, ऊठ. उठलो की नाही? त्याच पायानं गोल...”

“वाजला होता?” लेकीने डोळे उघडले. घामाने केस कपाळाला चिकटलेले, ओठ पांढरे. “माझाही वाजला, काका. मग पुढच्या सामन्यात काय झालं तुमचं?”

तिला टोमणा मारायचा नव्हता, हे मी शपथेवर सांगेन. तिला खरंच हवं होतं ते उत्तर. आपलं पुढे काय होणार, हे ठाऊक असलेला तिथे तेवढा एकच माणूस होता.

टाळ्या चालूच होत्या. भाऊजींनी तेलाच्या बाटलीला बूच लावलं, थर्मासचं झाकण फिरवलं, आणि उठून खोलीकडे निघाले. लोकांनी टाळ्या वाजवल्या त्या त्यांच्याच लंगडण्याला.

आतून ग्लास फुटल्याचे आवाज आले. टेबल आवरायला वेळ नव्हता म्हणून भाऊजींनी ते सरळ उपडं केलं होतं. चहाने चिकट झालेल्या त्या स्ट्रेचरवर आमच्या लेकीला घातलं. मी सरबताच्या पिंपात कोपरापर्यंत हात घालून बर्फ काढला, ओढणीत गुंडाळला आणि गुडघ्याला बांधला. मागे कोणीतरी म्हणालं, “अहो, सरबत गरम होईल!” त्या माणसाला मी जे ऐकवलं ते इथे लिहिता येणार नाही. पुढची बाजू आमच्या ह्यांनी आणि एका खेळाडूने धरली, मागची भाऊजींनी आणि मी. त्यांचा डावा पाय पडला की स्ट्रेचर माझ्याकडे कलायचं. लेक दातओठ खाऊन दोन्ही कडा धरून होती, आणि या वेळी टाळ्या कोणीच वाजवल्या नाहीत.

इस्पितळातल्या हाडांच्या डॉक्टरीणबाई कमी बोलणाऱ्या होत्या. सगळ्या तपासण्या बघून म्हणाल्या, “आतल्या बाजूचा अस्थिबंध फाटलाय, पण अर्धाच. पट्टा लावू, व्यायाम देऊ. शस्त्रक्रियेची गरज दिसत नाही. त्या पायावर चालायला लावलं का कोणी? शेकलं, चोळलं?”

“चालायला लावणार होते,” मी म्हटलं आणि भाऊजींकडे पाहिलं.

“मैदानावर असतात ना काही अडाणी लोक,” भाऊजी बॅग पाठीमागे लपवत म्हणाले. “कितीही सांगा, ऐकत नाहीत.”

पडलो तरी नाक वर! मी तोंड उघडणार, तेवढ्यात बाईंचं लक्ष त्यांच्या पायाकडे गेलं. त्यांनी भाऊजींना खाटेवर बसवलं, गुडघा धरून पुढे ओढला, आणि तो टेबलाच्या सैल झालेल्या खणासारखा पुढे आला. मी तोंड मिटलं.

“कधीचं हे?”

“तरुणपणीचं.”

“गुडघ्याच्या मधला बंध तेव्हाच तुटलाय. त्यावर खेळलात?”

“गोल मारला,” भाऊजी म्हणाले. या वेळी बोटं मोडली नाहीत.

“तेव्हा पाहिलं कोणी?”

“वस्तादांनी.”

“ते डॉक्टर होते?”

“सुतार होते.”

म्हणजे आधी सुतार, मग सोफेवाला. आमच्या क्लबाची वैद्यकी फर्निचरच्या दुकानाबाहेर कधी पडलीच नव्हती. एरवी मी हे मोठ्याने म्हटलं असतं. पण बाई हळूच म्हणाल्या, “आतली गादी पार झिजून गेलीय हो. त्या दिवशी आडवे पडून राहिला असतात तर...” आणि झिजलेली गादी म्हणजे काय, हे त्या खोलीत भाऊजींइतकं कोणाला कळणार? त्यांनी मान हलवली. घरी येताना रस्ताभर बॅग मांडीवर घेऊन बसले होते. मला त्यांची दया आली, आणि दया आली म्हणून आणखी राग आला.

लेकीचा पट्टा निघाला, सूज गेली, जिन्यावर चढ-उतार करून तिने मला वेड लावलं. मोठ्या संघाच्या डॉक्टरने गुडघा वाकवून, वळवून, पळवून पाहिला आणि करार झाला. निघताना तिने काकांना वाकून नमस्कार केला. त्यांनी तिच्या हातात शिवलेले बूट ठेवले आणि तिथून लगेच दुकानात गेले, कोणाचा तरी सोफा तातडीचा होता म्हणे.

माणूस सुधारला असं मी म्हणणार नाही. सुंभ जळला तरी पीळ कायम. आता ते दुसऱ्या टोकाला गेलेत. गेल्या सामन्यात बुटाची नाडी बांधायला वाकलेल्या एका खेळाडूला त्यांनी जबरदस्तीने आडवा पाडला आणि आपला संघ दहा जणांनिशी हरला. माझ्या कारखान्यातून बर्फ नेतात, तोही हक्काने, आणि लादीत भेग असली तर मलाच बोलतात. दारावरची निळी अक्षरं त्यांनी खरवडून पाहिली, निघेनात. मग त्यावर स्ट्रेचर टांगलं. चहाला वेगळं टेबल आणलंय.

गोष्ट अजून सांगतात. परवा मी बर्फ पोचवायला गेले तेव्हा एक नवी मुलगी सुजलेला घोटा घेऊन बाकावर बसली होती आणि भाऊजींची बोटं ‘टक्क’ वाजत होती. वस्ताद म्हणाले, ऊठ. मी उठलो. त्याच पायानं गोल मारला. बादली उडाली. मुलीने टाळ्या वाजवायला हात उचलले.

“थांब, संपलं नाही,” भाऊजी म्हणाले आणि तिच्यासमोर जमिनीवर बसले. बसताना त्यांना बाकाचा आधार घ्यावा लागला. “तो माझा शेवटचा सामना. पुढं मी कधी खेळलोच नाही. आता सांग, कुठं दुखतंय? आणि उठू नकोस.”