मखरामागची दोरी

कारेगावात सखूबाईला मखरवाली म्हणतात. बिरोबाच्या जत्रेत देवाभोवती जे कागदी मखर उभं राहतं ते तिच्या हातचं. गौरी-गणपतीला आसपासच्या वस्त्यांवरून मागण्या येतात, लग्नसराईत तोरणं, पोळ्याला बाशिंगं. बैल थोडे राहिलेत, म्हणून लोक बाशिंगं आता ट्रॅक्टरलाही बांधतात. मागच्या जत्रेत तिला शाल आणि नारळ दिला. माईकवर कुणीतरी म्हणालं, "आपल्या गावची कलावंत." टाळ्या वाजत होत्या आणि सखूबाई मान खाली घालून उभी होती. बायकांना वाटलं, लाजली.

तिची लाज वेगळी होती.

तिचा नवरा जालिंदर कंपनीत गेटवर सिक्युरिटीला आहे. येणाऱ्या ड्रायव्हरांना तो मोबाइलवर मखराचे फोटो दाखवतो. "आमची मंडळी," म्हणतो, "नुसती कात्री आन् खळ. साचा न्हाई, काय न्हाई." घरापुढच्या खोल्यांत बिहारकडची पोरं भाड्यानं राहतात, तीही दारातून डोकावून म्हणतात, "भाभीजी, लाइट लगा दो तो एकदम मंदिर." सखूबाई हसते आणि मागच्या खोलीचं दार लोटून घेते.

हर्षदा झाली तेव्हा ती एकवीस वर्षांची होती. बाळंतपण सासरीच झालं. आई-बाप तेव्हा मेंढरांमागं हिंडत होते, पालात बाळंतिणीला कुठं निजवणार? बारसं उरकलं आणि सासूनं, अनसाबाईनं, तिला पाण्याला धाडलं. नळापासून घरापर्यंतच्या वाटेवर तिला पोटातून काही खाली सरकल्यासारखं वाटलं. संध्याकाळी न्हाणीत तिनं हात लावून पाहिलं. अंग बाहेर आलं होतं. बायका ह्याला एवढंच म्हणतात, तेही एकमेकींच्या कानात. तिनं कुणाच्या कानातही म्हटलं नाही. बोटांनी ते आत ढकललं आणि सकाळी पुन्हा हंडा उचलला.

मग ते रोजचं झालं. ओझं उचललं की बाहेर, खुरपायला बसलं की बाहेर. शिंक आली तरी लुगडं ओलं व्हायचं. ती जुन्या लुगड्याचं फडकं बांधून वावरायची.

त्या वर्षी पोळ्याला जालिंदरनं शिरूरच्या बाजारातून बैलांसाठी कागदी बाशिंगं आणली. रानात बाजरीची खुरपणी चालली होती. सखूबाईनं एक बाशिंग पाण्यानं ओलं केलं, पदर पदर सुटा केला, कामट्या कशा बांधल्यात ते पाहिलं. सासू म्हणाली, "चल की रानात." ती म्हणाली, "आत्याबाई, बाशिंगाचं काम हाय. बाकीची घरीच करते, इकत आणायचं वाचंल." पहिल्यांदाच तिला कुणी उठवलं नाही. तिला वाटलं, एवढ्या दिवसापुरतं.

कागदानं तिला आडोसा दिला. जत्रेचं मखर अंगावर घेतलं, मग गौरीची आरास. कांदाकाढणी आली की तिच्याकडं हमखास एखादं मोठं काम असायचं. जाऊ पाणी प्यायला घरी आली की म्हणायची, "तुझं बरं हाय बाई. आमची कंबर वाकली कांद्यात, आन् तू बसती चित्रावानी." सखूबाई कात्री चालवत राही. खोलीत तिनं आडव्या दोन दोऱ्या बांधल्या होत्या. पुढच्या दोरीवर खळ लावलेली फुलं वाळायची, लाल, पिवळी, राणी रंगाची. मागच्या दोरीवर तिची धुतलेली फडकी. "खळ वाळतीय, आत येऊ नका," असं ती सगळ्यांना सांगायची. खळीत मोरचूद घालतात म्हणजे ती आंबत नाही, हे तिला चांगलं ठाऊक होतं. ती घालायची नाही. खळ आंबली की खोलीभर आंबूस वास सुटायचा आणि मग दुसरा कुठला वास कुणाला यायचा नाही.

कागद तिला आवडत नव्हता असं नाही. पतंगी कागदाची घडीवर घडी घालायची, कडेनं कात्री फिरवायची आणि घडी उलगडली की आत जाळी उमललेली असायची. ती आपणच कापली ह्याचं तिला दर वेळी नवल वाटायचं. त्याच वेळी दारात पितळी हंडा आदळायचा. अनसाबाई सत्तरीला आलेली. पाणी तीच आणी, शेळ्यांना घासाचा भारा तीच आणी. "ऱ्हाऊ दे, ऱ्हाऊ दे, उठू नकोस," म्हातारी धापा टाकत म्हणायची, "देवाचं काम करतीस न्हवं? देव मला दोन पाय जास्ती देईल." सखूबाईच्या हातातली जाळी मग नुसता कागद होऊन जाई. धड अंगानं ती कधी कागदाकडं वळली असती का, हे तिला कळत नव्हतं, आणि ते कुणाला विचारण्यासारखंही नव्हतं.

जालिंदरला काहीच ठाऊक नव्हतं असंही म्हणता येत नाही. हर्षदेच्या पाठीवर मूल झालं नाही. अंधारात त्याला जे समजलं त्यावर तो बोलला नाही. मात्र शिरूरला गेला की न सांगता कागदाची गुंडाळी घेऊन यायचा.

हर्षदेला दौंडकडं भीमेकाठच्या गावात दिली. ती पहिलटकरीण म्हणून माहेरी आली तेव्हा सखूबाईनं ठरवलं होतं, माझं झालं ते हिचं होऊ द्यायचं नाही. दवाखान्यात बाळंतपण केलं. डिंकाचे लाडू, शेक, मालिश, सगळं केलं. हर्षदेनं ओझं उचललं नाही म्हणजे सुटली, असं तिला वाटत होतं. मूल अडलं होतं, बराच वेळ जोर करावा लागला होता, तेव्हाच काय व्हायचं ते होऊन गेलं, हे तिच्या ध्यानात आलं नाही.

महिना झाला आणि एक दिवस हर्षदा मागच्या खोलीत येऊन बसली.

"आई, मला पण शिकव की हे."

सखूबाई हरखली. लहानपणी पोरीनं कधी कात्रीला हात लावला नव्हता. "तुला गं कशाला? तुझ्या घरी उसाचा पसारा."

"म्हणून तर. ह्यात गुंतलं की कुणी उठवत नाही. तुला कुठं कोण उठवतं?"

सखूबाईनं वर पाहिलं. पोरगी मांडी घालून बसली नव्हती. एका अंगावर रेलून, टाच खाली दाबून धरून बसली होती. सखूबाई स्वतः तशीच बसली होती. मग तिची नजर फुलांच्या पलीकडं गेली. मागच्या दोरीवर तिच्या फडक्यांच्या शेजारी एक निळं फडकं वाळत होतं. हर्षदेच्या जुन्या ओढणीचं. ते सखूबाईनं वाळत घातलेलं नव्हतं.

तेव्हाच बोलायला हवं होतं. ती म्हणाली, "कागद असा धर. घडी नखानं दाब."

पुढं पाच-सहा दिवस मायलेकी शेजारी शेजारी बसून फुलं करत राहिल्या. पोरीचा हात चांगला होता. जत्रा जवळ आली होती, मखराच्या कामट्या बांधून झाल्या होत्या. रोज एक निळं फडकं वाळायचं, एक दुसरं वाळायचं. दोघी ते पाहायच्या आणि दोघी कात्री चालवायच्या. आपण पोरीला कला शिकवत नाही, लपायला शिकवतोय, हे सखूबाईला घासागणिक आठवायचं. तरी तोंड उघडत नव्हतं.

नळाला पाणी यायचा दिवस आला. जालिंदर दारात बसून बूट घालत होता. अनसाबाई हंडा घेऊन आत आली.

"हर्षे, सव्वा महिना होऊन गेला. ऊठ, धर हंडा. सासरी काय तुला पाळण्यात निजवणार हायेत व्हय?"

"आजी, मी मखराचं काम करतीय ना."

तोच सूर होता. सखूबाईच्या हातातली कात्री थांबली.

"घ्या!" म्हातारी हसली. "एक हुती, आता दोन झाल्या. मी मेल्यावर कागदाचा हंडा करा गं बायांनो, आन् त्यानं पाणी भरा."

हर्षदा ओशाळून उठली आणि तिनं हंड्याला हात घातला.

"ठेव तो," सखूबाई म्हणाली.

"का?" अनसाबाई म्हणाली. "तिच्याबी हाताला खळ लागली?"

"तिचं अंग बाहेर येतं, आत्याबाई." आणि मग, जालिंदर तिथं बसलाय हे ठाऊक असून, "माझंबी येतं. मखराचं निमित्त हुतं."

हर्षदा बाळाकडं वळली. जालिंदरनं एका बुटाची नाडी बांधली, सोडली, पुन्हा बांधली.

"कवापासनं?" अनसाबाईनं विचारलं.

सखूबाईनं कात्री खाली ठेवली. म्हातारीनं तिच्याकडं पाहिलं, मग हर्षदेकडं, आणि तिला आपलं आपणच उमगलं असावं. तिचा आवाज चढला. "आन् मला बोलू दिलंस? साऱ्या वस्तीत मी तुला बसून खाणारी म्हणत फिरले. एकदा तरी तोंड उघडायचं हुतं! पाण्याला तर मीच..." ती उंबऱ्याशी खाली बसली आणि पदरानं हंडा पुसू लागली. हंडा कोरडाच होता.

जालिंदर उठला. तिच्या हातातून हंडा घेतला आणि कंपनीच्या कपड्यांनिशी नळाला गेला. कंपनीची बस त्याच्या समोरून निघून गेली. खोल्यांपुढं दात घासणाऱ्या पोरांतला एक ओरडला, "क्या भैया, प्रमोशन हो गया?" त्यानं मान वर केली नाही. खेपा करून घरातली सगळी भांडी भरली.

मखर न्यायला माणसं आली तेव्हा अनसाबाईच पुढं झाली. "औंदा न्हाई व्हायचं. सून आजारी हाय." काय होतंय, असं त्यांनी विचारलं. "बायकांचं हाय," ती म्हणाली आणि दार लावलं.

शिरूरच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी आधी हर्षदेला तपासलं. वेळेवर आलात, म्हणाल्या. व्यायाम सांगितले, ओझं बंद, अजून विश्रांती. मग सखूबाईला आत घेतलं. तिला तपासायला जरा जास्त वेळ लागला. ऑपरेशनचं बघावं लागेल, म्हणाल्या. हर्षदा बाळाला घेऊन पडद्याशी उभी होती.

"किती दिवसांपासून आहे हे?"

सखूबाईच्या नखांत खळ वाळून बसली होती. ती तिनं खरवडली. कपच्या जमिनीवर पडू नयेत म्हणून दुसऱ्या हाताच्या ओंजळीत धरल्या.

"हिच्याएवढं," हर्षदेकडं बघत ती म्हणाली.

हर्षदेनं ऐकलं. तिनं बाळाचं तोंड पुसलं. ते कोरडं होतं, तरी ती पुसत राहिली.